सतरा सफारी

डॉक्टर बन्सीलाल देवरे यांनी १९८६ साली जळगावात, पिंप्राळ्याला दवाखाना थाटला आणि दारावर 'मनोविकारतज्ज्ञ' अशी पाटी लावली. पहिले तीन महिने त्या पाटीकडे फक्त कावळ्यांनी पाहिलं. माणसं दवाखाना जवळ आला की रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूने चालू लागत आणि तो मागे पडला की पुन्हा अलीकडे येत. वेड म्हणजे काही खरूज नव्हे, नुसतं जवळून गेल्याने लागत नाही, हे डॉक्टरांना ओरडून सांगावंसं वाटे. पण सांगायला आधी कुणी आत यायला हवं होतं.

यातून मार्ग काढला शेजारच्या छगन शिंप्याने. छगन धुळ्याकडचा, डॉक्टरही धुळ्याकडचे, त्यामुळे दोघांचं अहिराणीत मेतकूट जमलं होतं. छगनच्या दुकानाचं मागचं दार एका बोळात उघडे आणि त्याच बोळात दवाखान्याचंही मागचं दार होतं. मग काय, माणसं उजळ माथ्याने छगनच्या दुकानात शिरत, बाकावर बसत, आणि नंबर आला की बोळातून डॉक्टरांकडे जात. कुणी ओळखीचं भेटलंच तर 'पँट शिवायला टाकायची होती' असं सांगायला मोकळी! कुणाची खरंच पँट आहे आणि कुणाचं दुखणं आहे हे छगनला माणसाच्या बसण्यावरून कळे. पण एकदा दुकानात बसलं की लाजेकाजेस्तव माप द्यावंच लागे. त्यामुळे झोप येत नाही म्हणून आलेली कित्येक माणसं झोपेची गोळी आणि दोन पायजमे घेऊन घरी गेली.

छगनचा एक नियम मात्र पक्का होता. एका गिऱ्हाइकाचं माप दुसऱ्याला सांगायचं नाही. बापाचं माप त्याने कधी लेकालाही सांगितलं नव्हतं. हा नियम चांगलाच होता, पण त्यानेच पुढे घोळ केला.

१९८८ चा मे महिना. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन दोन आठवडे झाले होते. जळगावचं ऊन काय असतं ते ज्याने सोसलंय त्यालाच ठाऊक. त्या दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. अशा वेळी फैजपूरकडची एक बाई नवऱ्याला घेऊन छगनच्या बाकावर येऊन बसली. बाईचं नाव कुंदाबाई, नवरा तोताराम फिरके. केळीचा बागायतदार, वय चव्वेचाळीस, अंगापिंडाने दणकट. पण बाकावर असा बसला होता, जसं कुणी गाठोडं आणून ठेवावं आणि न्यायला विसरावं. छगनने त्याला पाहिलं, दचकला, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि पुन्हा मिटून घेतलं. मग मुकाट्याने मागच्या दाराकडे बोट दाखवलं.

डॉक्टरांपुढे तोताराम एक शब्द बोलला नाही. बोलली ती कुंदाबाई.

"आखाजीले पोरगी माहेरी आली, डाक्टरसाहेब. लिंबाले झोका बांधला. साऱ्या पोरी झोक्यावर, गानं म्हनू राह्यल्या, अन् हे खोलीतून बाहेर नही आले. पोरगी पाया पडाले गेली तं भिंतीकडे तोंड करून घेतलं. जेवत नहीत. ताट जसं नेलं तसं परत येते. अन् परवा..." कुंदाबाई पदर तोंडाशी नेऊन म्हणाली, "परवा भर दुपारी विहिरीच्या काठावर बसेल होते. पाय आत सोडून."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. मग त्यांनी रीतसर एकेक प्रश्न विचारला. झोप, भूक, वजन, रडू, मरणाचे विचार. सगळ्याची उत्तरं एकाच दिशेने जात होती. नैराश्य, म्हणजे डिप्रेशन, आणि तेही चांगलंच खोल.

आता डॉक्टरांचे पुण्याचे सर मोठे खवट होते. ते शिकवताना टेबलावर हात आपटून सांगत, "रोगी रडत आला की लगेच रडण्यावरची गोळी लिहू नका. आधी विचारा, शेवटचा फार हसला कधी? नुसत्या खाली जाणाऱ्याचा आजार वेगळा, आणि खाली-वर दोन्हीकडे जाणाऱ्याचा वेगळा. दुसऱ्याला पहिल्याचं औषध दिलंत, तर तो छपराला जाऊन लागेल." डॉक्टरांना हे तोंडपाठ होतं. त्यांनी विचारलंही.

"अक्का, असं उलटं कधी झालं होतं का? फार आनंदात, फार बडबड, झोप कमी, हात सैल?"

"नही जी," कुंदाबाई म्हणाली. "तसं काहीच नही. हिवाळ्यात तं गडी लई खुशीत राह्यते. साऱ्या गावाले बलावते भरीत खायाले. मी काहीही रांधलं तरी म्हनते, अमृत झालं."

"भरीत?" डॉक्टरांनी विचारलं.

"हो. बामनोदची हिरवी वांगी. तुरीच्या काड्यांवर भाजाची, लाकडी बडजीत मुसळानं ठेचाची. हिरवी मिरची, लसून, कांद्याची पात. वरून शेंगदाने, खोबऱ्याचे काप. संगं पुऱ्या, नही तं कळण्याची भाकर..."

डॉक्टरांच्या तोंडाला पाणी सुटलं. माणसाच्या तोंडाला पाणी सुटलं की पुढचा प्रश्न गिळला जातो. एखाद्या पुण्याच्या डॉक्टरने विचारलं असतं, की सारा गाव म्हणजे किती माणसं, आणि का, आणि कुणाला विचारून? पण बन्सीलाल देवरे पडले खानदेशी. हिवाळ्यात कुणी गावाला भरीत खाऊ घालतो हे खानदेशी माणसाला लक्षण वाटतच नाही, त्याला तो डिसेंबर महिना वाटतो. त्यांनी केसपेपरवर लिहिलं, 'स्वभाव मनमिळाऊ. पाहुणचाराची आवड. पूर्वी उन्माद नाही.' आणि नैराश्याची गोळी लिहून दिली.

गोळी लागू पडली. आषाढात तोताराम अंगणात येऊन बसू लागला, श्रावणात शेतात गेला, गणपतीत आरतीला उभा राहिला. गोळ्या न्यायला दर महिन्याला कुंदाबाई एकटीच येई आणि दर खेपेला थोडी तरुण दिसे. डॉक्टर मनातून सुखावले. दोन वर्षांत पहिला असा रोगी, की ज्याचं नाव घेऊन चारचौघांत सांगावं. अर्थात सांगता येत नव्हतं, ती गोष्ट वेगळी.

डिसेंबरात मात्र चमत्कार झाला. दवाखान्याच्या पुढच्या दारातून रोगी आत आला! पुढच्या दारातून आजवर फक्त पोस्टमन आणि एक चुकलेली गाय आली होती. हा रोगी म्हणजे तोताराम फिरके, डोक्याला गुलाबी फेटा, मागे दोन माणसांच्या डोक्यावर वांग्यांची पोती.

"डाक्टरसाहेब, तुम्ही देव!" म्हणून त्याने डॉक्टरांना उचलूनच घेतलं. खाली ठेवलं आणि लगेच रस्त्यावर गेला. "ओ भाऊ, रस्ता काय ओलांडू राह्यले? या अठी, या! या डाक्टरनं मले विहिरीतून काढलं! लाजता काहून?" रस्त्यावरची माणसं थबकली, एक सायकलवाला उतरला, पाटी वाचू लागला. तोताराम पुन्हा आत आला, रविवारी शेतात भरिताचा कार्यक्रम ठेवलाय, पंचक्रोशी बोलावलीय, त्यात डॉक्टरांचा शाल-नारळ देऊन सत्कार आहे असं सांगितलं, मग केळीचे भाव, मग रशिया, मग डॉक्टरांच्या खुर्चीचं लाकूड, असं बोलत बोलत छगनच्या दुकानात शिरला. तिथूनही बराच वेळ आवाज येत होता.

डॉक्टर मात्र हरखून गेले होते. त्यांनी केसपेपर काढला आणि लफ्फेदार अक्षरात लिहिलं, 'पूर्ण बरा.' खाली दोन रेघाही मारल्या.

रविवारी डॉक्टर स्कूटरवर निघाले. मागे छगन, कारण आमंत्रण त्यालाही होतं. डॉक्टरांनी ठेवणीतला कोट घातला होता आणि भुसावळपर्यंत ते सत्काराला उत्तर काय द्यायचं याची मनातल्या मनात उजळणी करत होते. तापीचा पूल ओलांडला तेव्हा छगन त्यांच्या कानाशी वाकला.

"डाक्टरभाऊ, एक काम व्हतं. आज तोतारामभाऊ खुशीमा शेतस, तं तुम्हीच त्यास्ले सांगा. त्यास्ना सफारी लई जावा म्हना. मना कपाट बठ्ठा भरी गया."

"परवा टाकेल त्या का?"

"परवाना आठ तं आजून कापना बी नहीत. हाई जुना. सतरा शेतस."

"सतरा?" स्कूटर जराशी डुगडुगली.

"हां. पहिला साले तीन, मंग चार, मंग पुन्हा चार, गये साल सहा. दर हिवाळामा येतस, कापड पसंत करतस, माप देतस, माले मिठी मारतस. मी शिवीसन ठेवस तवलोंग होळी येस. मंग न्यावाले कोनीच येत नही. निरोप धाडा तं सांगतस, भाऊनी तब्येत बरी नही."

डॉक्टरांनी स्कूटर बाजूला घेतली आणि थांबवली. पाय टेकवून ते रस्त्याकडे बघत राहिले. चार हिवाळे, चार उन्हाळे. हिवाळ्यात सफारी, उन्हाळ्यात विहीर. त्यांनी हिशेब पुन्हा पुन्हा जुळवून पाहिला आणि दर वेळी तो जुळला.

"तुम्ही माले काबर नही सांगं?" डॉक्टरांनी विचारलं.

"गिऱ्हाइकनं माप कोनले सांगतस का?" छगन दुखावल्या आवाजात म्हणाला. "मे महिनामा त्यास्ले बाकवर दखं तं मना जीव तुटना. पन तुम्ही डाक्टर शेतस, मी शिंपी. तुम्हले ठाऊक व्हई आसं वाटनं."

ठाऊक असायला हवं होतं. सरांनी टेबल आपटून सांगितलं होतं. हा नुसता खाली जाणारा माणूस नव्हता. हा खाली-वर जाणारा होता. मॅनिक डिप्रेशन. आणि डॉक्टरांनी त्याला सात महिने वर चढवायची गोळी दिली होती. जो आपणहून छपरावर चढतो त्याला त्यांनी शिडी लावून दिली होती, आणि आज त्या शिडीबद्दल शाल घ्यायला ते निघाले होते. मागे वळावं, ताप आला म्हणून निरोप पाठवावा, असंही वाटून गेलं. खोटं कशाला सांगा, वाटलंच.

"चला ना डाक्टरभाऊ," छगन मागून म्हणाला. "भरीत थंड व्हई."

शेत लांबूनच ओळखू आलं. तुरीच्या काड्यांचा धूर केळीच्या बागेवरून वर चढत होता आणि भाजल्या वांग्याचा वास सडकेपर्यंत आला होता. सहाशे माणसं तरी असतील. दहा-बारा बडज्या ओळीने मांडलेल्या, मुसळांचा दणदणाट चाललेला, केळीची पानं अंथरलेली, आणि या सगळ्यातून गुलाबी फेटा इकडून तिकडे पळत होता. तोताराम एका बाईच्या हातातलं मुसळ घेई, चार दणके घाली, वाक्य सुरू करी, ते अर्ध्यात टाकून दुसऱ्या चुलीशी जाई. आवाज पार बसला होता, पण बोलणं थांबत नव्हतं. मध्येच त्याने माईक धरला.

"ऐका हो! आपली केयी आता थेट रशियात जाईल! इमानानं! उद्या सोमवारी हा पाच एकर बाग साफ करतो, अठी इमान उतरवाचं! पहिल्या इमानात साऱ्या गावाले फुकट!"

माणसांनी टाळ्या पिटल्या. तोतारामभाऊ रंगात आले की असंच बोलतात. ऐकायला मजा येते, आणि तोंडात घास असताना कोण कुणाला अडवतं? हसली नाही ती एकटी कुंदाबाई. ती पुऱ्यांच्या कढईपाशी उभी होती, पाय सुजलेले, डोळे लाल. डॉक्टर तिच्यापाशी गेले.

"अक्का, भाऊ शेवटचे झोपले कधी होते?"

"आठ दिस झाले." मग सावरून म्हणाली, "पन हिवाळ्यात ते कमीच झोपतात."

"दर हिवाळ्यात?"

"चार वरसं झाले. यंदा जरा जास्त हाये."

"आणि ते विमानाचं?"

"मजूर सांगून झाले, डाक्टरसाहेब. उद्या सकाळी विळे घेऊन येतीन. घड लागेल बाग हाये जी..." तिने झारा कढईत ठेवला. मग तिने डॉक्टरांकडे असं पाहिलं, की डॉक्टरांना वाटलं, हिला सगळं कळलंय, फक्त ते आपल्या तोंडून ऐकायचं नाहीये.

डॉक्टरांनी तरी सांगितलं. हा आनंद नाही, आजार आहे. तोच आजार, दुसऱ्या तोंडाने आलेला. माझं निदान चुकलं, आणि माझ्या गोळीने तो वाढला.

कढईतली पुरी काळी पडली तरी कुंदाबाईचं लक्ष नव्हतं.

"उन्हाळ्यात हे मले ओळखत नहीत," ती शेवटी म्हणाली. "सालातून हे दोन महिने मले नवरा सापडते. हासते, बोलते, अमृत झालं म्हनते. त्यालेबी तुम्ही बिमारी म्हनाले लागले. मंग माह्या वाट्याले काय ठेवता?"

डॉक्टरांनी इकडेतिकडे पाहिलं आणि त्यांना बांधापलीकडे घरापुढचं कडुलिंबाचं झाड दिसलं. झोक्याचा दोर अजून फांदीला तसाच होता.

"अक्का, आखाजीचा झोका जितका पुढे जातो, तितकाच मागे येतो ना? यंदा तो फार उंच गेलाय. मागे येईल तेव्हा कुठवर जाईल ते मला ठाऊक नाही. मला त्या विहिरीची भीती वाटते."

कुंदाबाईने दोराकडे पाहिलं. मग कढईखालचं लाकूड ओढून जाळ कमी केला. "सांगा मंग त्याईले," ती म्हणाली. "पन ऐकतीन का?"

तेवढ्यात माईकवर डॉक्टरांच्या नावाचा पुकारा झाला. तोतारामने त्यांना ओढतच चौथऱ्यावर नेलं, शाल घातली, नारळ दिला आणि माईक तोंडाशी धरला. "बोला देवा!"

डॉक्टरांपुढे सहाशे माणसं होती. नुसतं 'आभारी आहे' म्हणून खाली बसलं असतं तर दुसऱ्या दिवसापासून पिंप्राळ्याच्या दवाखान्यात पाय ठेवायला जागा उरली नसती. अशी संधी पुन्हा येत नसते. डॉक्टरांनी शाल काढली, तिची घडी घातली आणि नारळासकट तोतारामच्या हातात परत दिली.

"मंडळी, ही शाल मला घेता येत नाही. मी चुकलो. तोतारामभाऊंचा आजार मी अर्धाच पाहिला. ते बरे झालेले नाहीत. आज ते जे पळताहेत, आठ दिवस झोपलेले नाहीत, हाही आजारच आहे, आणि माझ्या औषधाने तो वाढलाय. ते औषध आजपासून बंद."

मुसळं थांबली. एक म्हातारा मागून म्हणाला, "बरा माणूस बिमार, अन् बिमार व्हता तवा बरा का?" कुणीतरी हसलं, पण ते हसू पुढे गेलं नाही. छगन कपाळाला हात लावून उभा होता. आणि तोताराम डॉक्टरांकडे टक लावून पाहत होता. आता हा नारळ आपल्या डोक्यात बसतो, अशी डॉक्टरांची खात्री झाली.

पण ज्या झपाट्याने त्याचं सगळं चाललं होतं, त्याच झपाट्याने तोतारामचा चेहरा उजळला. "आयला!" तो माईकवर ओरडला. "चुकलो म्हननारा डाक्टर! उभ्या जन्मात पाह्यला का रे कोनी?" आणि त्याने डॉक्टरांना दुसऱ्यांदा उचललं. "नवं औषध द्या! आत्ता द्या! मले द्या, साऱ्या गावाले द्या!"

"गावाला नको," खांद्यावरून डॉक्टर म्हणाले. "फक्त तुम्हाला. आणि एक अट आहे. बाग उद्या कापायची नाही. विमानतळाच्या मालकाची झोप पुरी झाली पाहिजे. आधी पंधरा दिवस झोप, मग विमान."

तोतारामने विचार केला. इतका वेळ एका जागी तो आठवड्यात पहिल्यांदाच थांबला असेल. "बरोबर हाये," तो म्हणाला. "झोपेल नही तं इमान डोयाले दिसाचं कसं?" आणि मजुरांच्या मुकादमाला त्याने माईकवरूनच सांगितलं, की सोमवारचं काम पुढे ढकललं. कुंदाबाई कढईपाशीच पदरात तोंड घालून रडली.

डॉक्टरांनी भरीत खाल्लं. न खाऊन सांगतात कुणाला? मन कितीही खट्टू असलं तरी ते भरीत अप्रतिम झालं होतं, हे त्यांना कबूल करावंच लागलं.

पुढचे दोन महिने सोपे गेले नाहीत. आधी झोपेची औषधं, मग मन समतोल ठेवणारं लिथियम, आणि दर थोड्या दिवसांनी रक्त काढून तपासणीला मुंबईला पाठवायचं. तोतारामने एकदा गोळ्या केळीच्या बुंध्याशी पुरल्या, एकदा डॉक्टरांना शिव्या दिल्या, एकदा छगनला आणखी एक सफारी शिवायला सांगून लगेच रद्द केला. डॉक्टरांनी कुंदाबाईला बजावलं होतं, "पाणी भरपूर पाजायचं. उपास धरू द्यायचा नाही. आणि मीठ अजिबात कमी करायचं नाही, नाहीतर औषध अंगावर येतं." डॉक्टरांना तिची काळजी वाटे. ती पुन्हा मेमध्ये आली तेव्हासारखी ओढलेली दिसू लागली होती.

एक गंमत मात्र झाली. भर पंगतीत डॉक्टर तोंडावर आपटले, आता दवाखान्याला कुलूप लावावं लागणार, असं छगनला वाटत होतं. पण भरिताच्या दुसऱ्याच दिवशी, सोमवारी सकाळीच फैजपूरकडून एक ट्रॅक्टर आला आणि त्यातून नऊ माणसं उतरून पुढच्या दाराने आत आली. त्यातला एक म्हणाला, "जो डाक्टर स्वतःची चूक सहाशे मानसांत सांगते, त्याले आपली सांगाची लाज कायची?" छगनच्या पायजम्यांचा धंदा त्या दिवसापासून बसला तो बसलाच.

होळी आली. डॉक्टर रोज फैजपूरकडच्या निरोपाची वाट बघत होते आणि निरोप येऊ नये असंही त्यांना वाटत होतं. होळी गेली. पाडवा गेला. आखाजी आली.

आखाजीनंतर चार दिवसांनी कुंदाबाई आली. पुढच्या दाराने आली, खुर्चीवर बसली आणि डोळ्यांना पदर लावला. डॉक्टर उठून उभे राहिले.

"अक्का, कुठे आहेत ते?"

"शेजारी. शिंप्याकडे. माप देऊ राह्यले. एवढे सफारी पडेल हायेत, त्यातला एक तरी अंगाले येते का पाहू म्हने."

"मग झालं काय?"

"आखाजीले पोरगी आली. झोक्यावर बसली तं यायनं दोन झोके देले, अन् मंग म्हने, मले शेतात काम हाये." कुंदाबाईने डोळे पुसले. "ते नही. काल काय झालं, मी गिलक्याची भाजी केली. तुम्ही म्हटलं होतं मीठ कमी करू नका, म्हनून मी आपलं थोडं वरून टाकलं. पहिला घास घेतला अन्..."

"आणि?"

"म्हने, खारट केली."

डॉक्टर खुर्चीत पुढे सरकले.

"अमृत नही म्हने. ताटबी नही सरकवलं. खारट केली म्हने, डाक्टरसाहेब! तोंड वाकडं करून!" ती आता हसत होती की रडत होती ते सांगणं कठीण होतं. "चार वरसांत माह्या हातच्या भाजीची चव पहिल्यांदा कळली त्याईले. मंग मी बी ऐकून नही घेतलं. म्हटलं, खायाची तं खा, नही तं उठा."

"मग? उठले?"

"खाल्ली. घासाघासाले पानी पेत, कुरकुर करत, सारी खाल्ली."

शेजारच्या दुकानातून तोतारामचा आवाज आला. बाही दोन बोटं लांब झालीय, असं तो छगनला सांगत होता आणि छगन ते मान्य करत नव्हता. डॉक्टरांनी केसपेपर पुढे ओढला. 'पूर्ण बरा' या दोन रेघांच्या शब्दांवर त्यांनी काट मारली होती, ती तशीच होती. त्याखाली, सध्याची मनःस्थिती लिहायच्या जागी, त्यांनी लिहिलं, 'भाजी खारट लागते.' रेघ मारली नाही.

"आता मीठ नेहमीइतकंच टाका, अक्का," औषधाची चिठ्ठी देत ते म्हणाले. "वरून टाकायचं नाही. रोजच्यापेक्षा कमीही नको आणि जास्तही नको."

कुंदाबाईने चिठ्ठी घेतली, घडी घालून कमरेला खोचली आणि दारापाशी जाऊन वळली.

"उद्यापासून तसंच करते," ती म्हणाली. "पन आज एक दिस थोडं जास्त टाकू द्या. पाहू, पुन्हा म्हनतात का."